कागदाच्या लगद्यातून कान घडवणारा डॉक्टर: लुई ओझू

मोबाईलवर कानाचं थ्रीडी चित्र बोटाने फिरवून बघितलंय? एकेक भाग बाजूला करत आत जाता येतं. असाच उघडून बघता येणारा कान लुई ओझू या फ्रेंच डॉक्टरने 19व्या शतकात बनवला होता, तोही कागदाच्या लगद्याचा!

ओझू 1797 मध्ये नॉर्मंडीतल्या एका खेड्यात जन्मला. गावाचं नाव सेंट-ओबँ-देक्रोव्हिल, उच्चार नाही जमला तरी चालेल. पॅरिसला डॉक्टरी शिकताना अडचण एकच: चिरफाडीला प्रेतं कमी, आणि मिळाली तरी सडायची. मेणाची मॉडेल्स होती, पण महाग आणि नाजूक.

मग त्याने कागद, चिंध्या, पिठाची खळ, खडू आणि बुचाची भुकटी यांचा लगदा केला आणि धातूच्या साच्यात दाबला. 1822 मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे त्याने आपलं काम ठेवलं. आमच्या जऊळक्यात जुन्या बाया भिजवलेला कागद आणि मेथ्या कुटून टोपल्या करायच्या. माझ्या आजीची एक अजून घरात आहे. वाळलेला लगदा किती हलका आणि किती टणक असतो, हे ती उचलली की कळतं.

ओझूच्या मॉडेलचे भाग आकड्यांनी जोडलेले असत, त्यावर नंबर असत. 1828 च्या सुमारास त्याने कारखाना काढला, तो पॅरिसला नाही, आपल्याच गावात. गावकऱ्यांना कामाला घेतलं आणि शरीररचनाही शिकवली. मला त्याची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आता कान. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही आपल्या कानातली तीन हाडं. रिकीब जेमतेम 3 मिलीमीटरची. शेजारूनच चेहऱ्याची नस जाते. कान वाहतो म्हणून ऑपरेशनला गेलेल्या माणसाची ती नस दुखावली, तर अर्धा चेहरा लुळा पडू शकतो. ओझूने कान कितीतरी पट मोठा केला. पडदा काढा, हाडं काढा, आतला शंख हातात घ्या! कशाच्या मागे काय आहे, हे विद्यार्थ्याला रुग्णाला हात लावायच्या आधीच दिसायचं.

पण त्यावर ड्रिल चालवता येत नव्हतं. ती सोय आता झालीय. सीटी स्कॅनवरून कानामागचं हाड मूळ मापात थ्रीडी प्रिंट करतात आणि शिकाऊ सर्जन त्यावर ड्रिलचा हात बसवतात. कॉक्लिअर इम्प्लांटची वाटही याच हाडातून जाते. प्रेताच्या हाडावरचा सराव मात्र अजून सुटलेला नाही, कारण प्लास्टिक खऱ्या हाडासारखं हुबेहूब कापलं जात नाही.

ओझू 1880 मध्ये पॅरिसला वारला. त्याच्या गावाजवळ ल नबूर इथल्या संग्रहालयात त्याची मॉडेल्स आजही बघायला मिळतात.