तांब्याच्या पत्र्यावरील युद्ध

इ. स. १६७२ या वर्षी मराठ्यांनी साल्हेर येथे मोगल फौजेला उघड्या मैदानात धूळ चारली. त्याच वर्षी दूर युरोपात हॉलंड या चिमुकल्या देशावर मात्र घोर संकट कोसळले. वेंगुर्ल्याला ज्यांची वखार होती, ते डच लोक याच देशाचे. फ्रान्सचा बलाढ्य राजा चौदावा लुई याने हॉलंडवर स्वारी केली व इंग्लंडचे आरमारही त्याला मिळाले. डचांनी बांध फोडून आपलीच शेते जलमय केली आणि शत्रूची वाट रोखली. या झुंजीत रोमेन द होग या चित्रकाराने सुई हेच आपले शस्त्र केले.

रोमेनचा जन्म १६४५ मध्ये आम्स्टरडॅम येथे झाला. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा थर द्यावयाचा, सुईने त्यात रेघा ओढावयाच्या व पत्रा तेजाबात बुडवावयाचा, ही त्याची विद्या. मेण खरवडलेल्या जागी तेजाब तांबे खाई. त्या खाचांत शाई भरून वर ओलसर कागद दाबला की चित्र उमटे. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. १६६८ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने फ्रेंच युवराजाच्या बाप्तिस्म्याचा थाट याच कौशल्याने कोरला होता. त्या वेळी लुईचे वैभव रंगविण्यात त्याला काही वावगे वाटले नाही!

१६७२ च्या डिसेंबरात पाणी गोठताच फ्रेंच सैन्य बर्फावरून चालून आले आणि त्याने बोडेग्राव्हन व झ्वामरडॅम ही गावे जाळली. अब्राहम द विक्फोर्टच्या ग्रंथासाठी रोमेनने त्या अत्याचारांची चित्रे काढली. अत्याचार घडले होते, हे खरे. परंतु या चित्रांचा हेतू निर्विकारपणे साक्ष देण्याचा नव्हता, तर पाहणाऱ्याच्या मनात संताप पेटविण्याचा होता. निरक्षर माणसालाही ती कळत, आणि तेथेच त्यांचे सामर्थ्य होते.

पुढे डचांचा नेता विल्यम १६८८ मध्ये आरमार घेऊन इंग्लंडात उतरला व दुसऱ्या वर्षी तेथील राजा झाला. आता रोमेनने संतापाच्या जागी उपहास आणला. सूर्य हे ज्याचे राजचिन्ह, तो लुई आणि राज्य गमावलेला जेम्स यांना त्याने विदूषकाच्या सोंगात चितारले. एका चित्राचे नावच मुळी 'कोसळणारे राजे' असे होते. चित्राखालील मजकूर डचबरोबर फ्रेंच भाषेतही असे. त्यामुळे ही थट्टा सीमेपलीकडेही समजे.

परंतु हे शस्त्र दुधारी होते. १६९० मध्ये विल्यम व आम्स्टरडॅम शहर यांच्यात वाद जुंपला. रोमेनने विल्यमची बाजू घेऊन शहराच्या कारभाऱ्यांची टर उडविली. तेव्हा विरोधकांनीही पत्रके छापून त्याच्यावर चोरीचे, अश्लीलतेचे व नास्तिकपणाचे आरोप केले. ज्या रीतीने त्याने राजांना हास्यास्पद केले, त्याच रीतीने त्याचे नाव आता गावभर झाले. त्यातले खरे किती आणि वैराने रचलेले किती, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? लुईच्या चित्रांबाबत तरी हा प्रश्न कोणी विचारला होता!

रोमेन १७०८ मध्ये हार्लेम येथे मरण पावला. चौदावा लुई त्यानंतरही सात वर्षे फ्रान्सच्या सिंहासनावर होता.