ढगांच्या पलीकडून पाऊस पाहणारे डॉ. पिशारोटी

विशेष प्रतिनिधी

चंद्रपूर : बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा आणि छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकू लागले, की गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत अतिवृष्टीचा इशारा दिला जातो. पर्लकोटेला पूर येतो, पुलावरून पाणी वाहू लागते आणि भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. केंद्र छत्तीसगडवर असताना मुसळधार पाऊस त्याच्या नैर्ऋत्येला, म्हणजे गडचिरोलीच्या बाजूला का कोसळतो, याचे सांख्यिकीय उत्तर १९५७ मध्ये दोन भारतीय शास्त्रज्ञांनी मांडले. त्यांपैकी एक होते डॉ. जी. सी. असनानी आणि दुसरे डॉ. पी. आर. पिशारोटी. भारतातील दूरसंवेदन विज्ञानाचे जनक म्हणून पुढे ख्याती पावलेल्या पिशारोटी यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा कालखंड मुंबई आणि पुण्यात गेला, हे मात्र आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

कोल्लेनगोड ते कॅलिफोर्निया

पिशारोथ राम पिशारोटी यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०९ रोजी केरळमधील पालक्काड परिसरातील कोल्लेनगोड या गावी झाला. मद्रास विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर त्यांनी मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात अध्यापन केले. सुटीच्या काळात ते बंगळूरला जात आणि सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करीत. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, ते भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. लढाऊ विमानांसाठी हवामानाच्या अंदाजांची निकड वाढल्याने खात्याचा विस्तार होण्याचाच तो काळ होता.

त्यानंतर ते अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना याकोब बियर्कनेस यांचे मार्गदर्शन लाभले. शीत आणि उष्ण हवेच्या आघाड्यांचा सिद्धान्त मांडणाऱ्या नॉर्वेतील परंपरेचे हे अध्वर्यू होते. पृथ्वीच्या संपूर्ण वातावरणाकडे एकच यंत्र म्हणून पाहण्याची दृष्टी पिशारोटी यांना येथे मिळाली. वातावरणाच्या गतिज ऊर्जेचा हिशेब हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १९५४ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले.

नैर्ऋत्येचा नियम

परतल्यावर त्यांनी हाती घेतलेल्या कामांपैकी एक म्हणजे मान्सूनमधील कमी दाबाच्या क्षेत्रांभोवती पाऊस नेमका कोठे पडतो, याचा शोध. त्या काळी ना रडारचे जाळे होते, ना उपग्रह. पर्जन्यमापकांच्या रोजच्या नोंदी आणि हवामानाचे नकाशे एवढ्याच साधनांवर असनानी आणि पिशारोटी यांनी निष्कर्ष काढला, की अशा क्षेत्राच्या वाटचालीच्या डाव्या बाजूस, विशेषतः नैर्ऋत्य भागात, अतिवृष्टीची शक्यता सर्वाधिक असते. उंचीबरोबर या चक्राकार वाऱ्यांचा अक्ष नैर्ऋत्येकडे कलतो आणि तेथे हवा वर चढण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते, अशी त्याची मीमांसा केली जाते. हा नियम पुढे भारतीय अंदाजकारांच्या रोजच्या कामाचा भाग झाला. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावतीच्या काठावर राहणाऱ्यांना या शोधनिबंधाचे नाव ठाऊक नसेल. पण त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक पूरइशाऱ्यामागे असे काम उभे आहे.

पुण्यातील संस्थेची पायाभरणी

१९५९ मध्ये पिशारोटी कुलाबा आणि अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळांचे संचालक झाले. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालकपद त्यांच्याकडे आले. आज भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाणारी ती हीच संस्था. १९७१ मध्ये तिला स्वायत्तता मिळाली.

हाच काळ आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा होता. १९५९ ते १९६५ या वर्षांत अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे या महासागरात फिरून निरीक्षणे घेत होती. मोहिमेचे आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र मुंबईत होते. अमेरिकेचा पहिला हवामान उपग्रह टायरॉस १ एप्रिल १९६० रोजी झेपावला होता. १९६३ च्या डिसेंबरात सोडलेल्या आठव्या टायरॉसवर एक नवी सोय होती. उपग्रह डोक्यावरून जात असताना खालच्या साध्या ग्रहणकेंद्राला थेट ढगांचे चित्र मिळत असे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नसे आणि शुल्कही नव्हते. मुंबईच्या केंद्रातही असे यंत्र बसले आणि अरबी समुद्रावरील ढगांची रांग भारतीय अंदाजकारांना प्रथमच वरून दिसू लागली.

१९६४ पासून ध्रुवीय कक्षेतील उपग्रह आले. ते सुमारे ८०० ते ९०० किलोमीटर उंचीवरून उत्तर-दक्षिण फिरतात आणि सुमारे १०० मिनिटांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतात. खाली पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने प्रत्येक फेरीत नवा पट्टा नजरेखाली येतो. असा एक उपग्रह कोणत्याही गावावरून दिवसातून साधारण दोनदा जातो. तो कोणत्याही एका देशाचा राहू शकत नाही, कारण त्याच्या वाटेत सारेच देश येतात. जागतिक हवामान संघटनेची माहिती देवाणघेवाणीची व्यवस्था १९६३ पासून उभी राहत होती ती याच जाणिवेतून. पिशारोटी त्या वर्षांत संघटनेच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळावर होते. पुढे जागतिक वातावरण संशोधन कार्यक्रमाच्या संयुक्त समितीवरही त्यांनी काम केले.

वादग्रस्त ठरलेला हिशेब

मोहिमेतील निरीक्षणांच्या आधारे १९६५ मध्ये पिशारोटी यांनी एक धाडसी निष्कर्ष मांडला. विषुववृत्त ओलांडून येणारी वाफ आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचणारी वाफ यांची तुलना करून मान्सूनच्या पावसाला लागणारे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रातूनच उचलले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. पाच वर्षांतच अन्य अभ्यासकांनी त्यास आव्हान दिले. दक्षिण गोलार्धातून येणाऱ्या बाष्पाचा वाटा अधिक असल्याचे पुढील अनेक अभ्यासांतून दिसून आले.

या वादाने पिशारोटी यांचे महत्त्व उणावले नाही. समुद्रावरील निरीक्षणे मोजकी होती. जहाजे जेथे गेली नाहीत, तेथे आकडेच नव्हते. अशा तुटपुंज्या माहितीवर मान्सूनचा ताळेबंद मांडताना चूक होणे स्वाभाविक होते. मात्र त्या प्रश्नामुळेच पुढची पिढी महासागराच्या निरीक्षणांकडे वळली. १९७९ मध्ये अनेक देशांनी मिळून मान्सूनचा खास प्रयोग हाती घेतला, तेव्हा जहाजे आणि विमानांच्या जोडीला उपग्रहही होते.

नारळाच्या झावळ्यांवरून अवकाशाकडे

१९६७ मध्ये हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर डॉ. विक्रम साराभाई यांच्या आमंत्रणावरून पिशारोटी अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत गेले. वयाच्या साठीत त्यांनी नवा विषय हाती घेतला. केरळमधील नारळाच्या बागा मूळकुजीसारख्या रोगाने ग्रासल्या होत्या. १९७० च्या सुमारास त्यांच्या पथकाने हेलिकॉप्टरमधून अवरक्त रंगीत फिल्मवर या बागांची छायाचित्रे घेतली. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे सहकार्य त्यासाठी मिळाले. निरोगी पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परावर्तित करते, तर रोगट पान कमी. त्यामुळे जमिनीवरून डोळ्यांना दिसण्याआधीच आजारी माड छायाचित्रात वेगळे ओळखू आले. भारतातील दूरसंवेदनाचा प्रारंभ याच प्रयोगापासून मानला जातो. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री किताब मिळाला.

या प्रयोगातून सुरू झालेली वाट १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए या उपग्रहापर्यंत पोहोचली. भारताचा हा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह सोव्हिएत अग्निबाणाने ध्रुवीय कक्षेत सोडला. नारळासाठी अमेरिकेची मदत आणि उपग्रहासाठी रशियाचा अग्निबाण, असे शीतयुद्धाच्या काळातील भारतीय विज्ञानाचे चित्र होते. १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेने आपला सर्वोच्च पुरस्कार पिशारोटी यांना प्रदान केला. २४ सप्टेंबर २००२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

जंगलातील वणवा आणि मामा तलाव

ज्या तत्त्वावर माडांचे आजार ओळखले गेले, त्याच तत्त्वावर आज चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांची मोजणी होते. भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल १९८७ मध्ये उपग्रह छायाचित्रांच्या आधारेच निघाला. चंद्रपूरपासून १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोली हा राज्यातील सर्वाधिक वनाच्छादित जिल्हा आहे, हे त्यानंतरच्या अहवालांतून सातत्याने दिसत आले.

फेब्रुवारी ते मे हा येथील वणव्यांचा हंगाम. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते आणि वाऱ्याबरोबर ती पसरते. ध्रुवीय कक्षेतील अमेरिकी उपग्रहांची अवरक्त यंत्रे अशा आगीची उष्णता टिपतात. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण या माहितीच्या आधारे वन विभागाला आगीच्या सूचना देत आहे. सुरुवातीच्या यंत्राचा चौकोन एक किलोमीटरचा होता, नंतरच्या यंत्राचा ३७५ मीटरचा. तरीही दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत लागून विझलेली आग उपग्रहाला दिसत नाही आणि दाट झाडोऱ्याखालची लहान आग निसटू शकते. सूचना मोबाइलवर आली तरी आग विझवायला वनरक्षकाला आणि गावकऱ्यांनाच जावे लागते.

उत्तरायुष्यात पिशारोटी यांनी आणखी एक मुद्दा लावून धरला होता. भारतात वर्षभराचा पाऊस सरासरी अवघ्या शंभर तासांत पडतो आणि त्यातील निम्मा तर वीसेक तासांत. म्हणून मोठ्या धरणांइतकेच, किंबहुना अधिक, गावोगावच्या लहान तळ्यांत पाणी साठवणे गरजेचे आहे, असे ते सांगत. पूर्व विदर्भाला हे सांगण्याची गरज नव्हती. कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले हजारो तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत शतकानुशतके भातशेतीला पाणी देत होते. मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे गेले, माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव झाले आणि बरेचसे गाळाने भरले. उपग्रहाच्या चित्रात हे आटत गेलेले तलाव आता स्पष्ट मोजता येतात.

अमेरिकेने २०२५ मध्ये जुन्या पिढीतील अखेरचे नोआ उपग्रह बंद केले. त्यांची जागा नव्या अमेरिकी आणि युरोपीय उपग्रहांनी आधीच घेतली होती. त्याच वर्षी ३० जुलै रोजी भारत आणि अमेरिका यांचा संयुक्त निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेत गेला. त्याच्या रडारलहरी ढग भेदतात आणि झाडोऱ्याच्या आतही शिरतात. भर पावसाळ्यात, जेव्हा भामरागडवर आठवडेच्या आठवडे ढग असतात, तेव्हाही खालची पूररेषा आणि जंगलातील बदल त्यातून पाहता येऊ शकतात. ही माहिती देशांनी एकमेकांना खुली ठेवली आणि ती वेळेत गावापर्यंत पोहोचली, तरच तिचा उपयोग. यातील पहिल्या गोष्टीसाठी पिशारोटी यांची पिढी झटली. दुसरी जबाबदारी आजच्या यंत्रणेची आहे.