फादर थॉमस स्टीफन्स व मुलांचे शिक्षण

धर्मग्रामाचा महोत्सव साजरा करीत असता आपली दृष्टी सहजच ख्रिस्तमंदिराशेजारच्या प्राथमिक शाळेकडे वळते. शाळेच्या इमारतीची लांबीरुंदी मोजता येते, पटावरील नावेही मोजता येतात. परंतु तेथील शिक्षण कसाचे आहे की नाही, हे कोणत्या मापाने ठरवावे? आमच्या मते, याचे उत्तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या चरित्रात सापडते. कवी म्हणून त्यांची कीर्ती मराठी ख्रिस्ती माणसास ठाऊक आहे; मुलांचे शिक्षक म्हणून त्यांचे स्मरण क्वचितच होते.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडातील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ साली झाला. राणी एलिझाबेथच्या त्या राज्यात कॅथोलिक धर्म उघडपणे पाळणे कठीण झाले होते. त्यांनी स्वदेश सोडला व १५७५ साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. त्या सहा महिन्यांच्या खडतर प्रवासाचे वर्णन त्यांनी आपल्या वडिलांस पत्राने कळविले. पुढे त्यांस गुरुदीक्षा मिळाली, व गोव्यातील सासष्टी प्रांतात त्यांची नेमणूक झाली. १६१९ साली देह ठेवीपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी याच देशात काढली.

शिक्षक होण्यापूर्वी ते शिष्य झाले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. परक्या देशातून आलेल्या या विद्वानाने लोकांची बोली कानांनी टिपली आणि तिचे नियम शोधले. १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळती असल्याचे नमूद केले आहे. त्यांनी रचलेले कोंकणी भाषेचे व्याकरण, इतरांनी भर घालून, १६४० साली रायतूर येथे छापले गेले.

त्या काळी गोव्यात ख्रिस्तमंदिराला जोडून शाळा असत. मुलांस अक्षरे, धर्मशिक्षण व गायन तेथे शिकवीत. अशा मुलांसाठी स्टीफन्स यांनी ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे एक पुस्तक घरच्या कोंकणी बोलीत, संवादाच्या रूपाने रचले. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ साली ते छापून निघाले. मूळ नमुना पोर्तुगीज होता. तो तसाच पाठ करवून घेणे शिक्षकास सोपे गेले असते. मुलाच्या जिभेवर शब्द बसले असते, मनात मात्र काहीच उतरले नसते. स्टीफन्स यांनी तो सोपा मार्ग पत्करला नाही.

ख्रिस्तपुराणाचा उगमही शिकवणीच्या वर्गातच आहे. ग्रंथाच्या आरंभी कवी सांगतो की, एका रविवारी धर्मशिक्षण आटोपल्यावर एका ब्राह्मण श्रोत्याने त्यास आणखी ग्रंथांची मागणी केली. पोर्तुगीज अंमलाखाली नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्या जागी वाचावयास व गावयास काहीच हाती आले नव्हते. ही उणीव खरी होती, आणि ती सत्तेच्या सक्तीने उत्पन्न झाली होती, हेही आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शिष्याची तक्रार गुरूने उद्धटपणा मानली नाही. त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला व तो १६१६ साली प्रसिद्ध झाला. देवनागरी खिळे नसल्यामुळे तो रोमन अक्षरांत छापावा लागला, तरी त्याची भाषा मराठी होती. घरच्या बोलीत पहिले पाठ व ग्रंथांच्या भाषेत पुराण, अशा दोन पायऱ्या त्यांनी बांधल्या, आणि पहिलीचा अपमान करून दुसरी उभारली नाही.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत देशी बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. पण भाषा मेली नाही, व पुराणही मेले नाही. गोवा सोडून गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती मंगळूरकडे जपल्या. तेथे १९०७ साली ते पुन्हा छापले गेले, आणि १९५६ साली पुण्यास त्याची देवनागरी आवृत्ती निघाली.

आता आपल्या भंडारा जिल्ह्याकडे पाहू. येथील धानाच्या बांध्यांवरून शाळेत येणारे मूल घरी झाडीबोली बोलते. त्याच्या तोंडी पानी असते, पुस्तकात पाणी असते. या एका अक्षरावरून वर्गात हशा पिकला, तर ते मूल पुन्हा तोंड उघडीत नाही. आणि न बोलणाऱ्या मुलास काय समजले, हे कोणत्याही परीक्षकास कळत नाही. शिक्षकाने पानी ऐकून घ्यावे व प्रेमाने पाणी शिकवावे, म्हणजे मुलास दोन्ही लाभतात. इंग्रजीची तिसरी पायरीही चढावयाची आहे, यात संशय नाही. आईबापांची ती इच्छा रास्त आहे. परंतु खालच्या दोन पायऱ्या कच्च्या ठेवून तिसरी टिकत नाही.

म्हणून शाळेचा कस पाहावयाचा असेल, तर निकालाच्या तक्त्याबरोबर आणखी एक परीक्षा करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. शिकलेला धडा मुलाने सायंकाळी आपल्या आजीस तिच्या बोलीत समजावून सांगावा. आजीने शंका विचारावी, मुलाने उत्तर द्यावे. आणि उत्तर न सुचल्यास दुसऱ्या दिवशी त्याने तीच शंका निर्भयपणे गुरुजींस विचारावी. सासष्टीतील त्या श्रोत्याप्रमाणे प्रश्न करणारी मुले, व त्या गुरूप्रमाणे प्रश्न मनावर घेणारे शिक्षक आपल्या शाळेस सदैव लाभोत, हीच या महोत्सवप्रसंगी परमेश्वरचरणी आमची प्रार्थना आहे.