डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस : पूर्वजांच्या भूमीवर

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथे झाला. गुलाम करून आणलेल्या एका पूर्वज स्त्रीचे आफ्रिकन गाणे त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या गायले जाई. त्याचा अर्थ मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. गुलामगिरीने भाषा, नाव, गाव सारे पुसून टाकले होते.

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. एनएएसीपी या संघटनेच्या संस्थापकांपैकी ते एक. तिचे ‘द क्रायसिस’ हे मासिक त्यांनी १९१० पासून १९३४ पर्यंत चालवले. १९१५ मध्ये त्यांनी आफ्रिकेच्या इतिहासावर पुस्तक लिहिले, १९१९ मध्ये पॅरिसला पॅन-आफ्रिकन काँग्रेस भरवली. तोवर आफ्रिका मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

तो योग वयाच्या ५५ व्या वर्षी आला. डिसेंबर १९२३ मध्ये ते लायबेरियात उतरले. राष्ट्राध्यक्ष किंग यांच्या शपथविधीसाठी अमेरिकेचे विशेष दूत म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. ज्या देशात काळ्या माणसाला पदोपदी अपमान सोसावा लागे, त्याच देशाचा प्रतिनिधी म्हणून ते काळ्यांच्या राष्ट्रात सन्मानाने उभे होते. या भेटीने ते भारावून गेले.

पण लायबेरियाची दुसरी बाजूही होती. अमेरिकेतून परतलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तेथे सत्ताधारी झाले होते आणि मूळ आफ्रिकन जमातींना त्यांनी सत्तेपासून दूर ठेवले होते. १९२६ मध्ये फायरस्टोन कंपनीला रबराच्या लागवडीसाठी दहा लाख एकरांपर्यंत जमीन ९९ वर्षांच्या कराराने देण्यात आली. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय चौकशीत सक्तीच्या मजुरीचे प्रकार उघड झाले आणि किंग यांना पद सोडावे लागले. भारावलेल्या डु बॉइस यांना पहिल्या भेटीत हे पुरेसे दिसले नव्हते. त्यांनी लायबेरियाची बाजू पुढेही घेतली, पण १९३३ मध्ये फायरस्टोनच्या करारावर कठोर टीकाही केली.

१९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांना हव्या होत्या. डु बॉइस यांनी उत्तरात अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल सहानुभूती कळवली.

पुढे अमेरिकन सरकारने त्यांचा पासपोर्ट अडवला. त्यामुळे १९५७ च्या घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्यालाही त्यांना जाता आले नाही. अखेर १९६१ मध्ये एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून ते आफ्रिकेचा ज्ञानकोश करण्यासाठी घानात गेले. तेथील नागरिकत्व घेतले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी, ९५ व्या वर्षी, अक्रा येथे त्यांचे निधन झाले.

तरुण मित्रांनो, पूर्वजांच्या भूमीची ओढ माणसाला बळ देते. पण सत्तेवर आपल्या रंगाची, आपल्या समाजाची माणसे आली म्हणून समता आपोआप येत नाही. परक्याला विचारतो तोच प्रश्न आपल्या माणसालाही विचारावा लागतो. लायबेरियाचा हा धडा आपल्या चळवळीनेही लक्षात ठेवायला हवा.

डु बॉइस यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!