ग्योम द्युशेन
ग्योम-बेंजामिन-आमां द्युशेन (१७ सप्टेंबर, इ.स. १८०६:बुलोन्य-सुर-मेर, फ्रान्स - १५ सप्टेंबर, इ.स. १८७५:पॅरिस, फ्रान्स) हे फ्रेंच वैद्य व मज्जाविकारतज्ज्ञ होते. जिवंत माणसाच्या शरीरातील प्रत्येक स्नायूचे कार्य विजेच्या साहाय्याने स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. लहान मुलांना होणारा एक गंभीर स्नायुविकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. भारतातील रुग्णालयांत त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा थोडक्यात डीएमडी म्हणतात.

जीवन

द्युशेन यांचे घराणे दर्यावर्दी होते. मुलाने समुद्राचा व्यवसाय धरावा अशी वडिलांची इच्छा असूनही त्यांनी पॅरिसला जाऊन वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८३१ मध्ये पदवी मिळवून ते गावी परतले आणि तेथे व्यवसाय करू लागले. त्यांच्या पत्नीचा मुलाच्या जन्मानंतर सूतिकाज्वराने मृत्यू झाला. प्रसूती त्यांनी स्वतःच केली होती, त्यामुळे गावात त्यांच्याविषयी कुजबुज सुरू झाली. मुलगा एमील सासरच्या मंडळींकडे वाढला आणि पुढे अनेक वर्षे पितापुत्रांचा संबंध उरला नाही.

१८४२ मध्ये द्युशेन पॅरिसला परतले. तेथे त्यांना कोणत्याही रुग्णालयात वा विद्यापीठात पद मिळाले नाही, आणि त्यांनी त्यासाठी फारशी खटपट केल्याचेही दिसत नाही. विद्युतयंत्राची पेटी घेऊन ते एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरत आणि आवडीचा रुग्ण आढळल्यास वर्षानुवर्षे त्याचा माग ठेवत. प्रस्थापित वैद्यांपैकी काहींना हा उपद्रव वाटे. साल्पेत्रियेर रुग्णालयाचे झां-मार्तें शार्को मात्र त्यांना गुरू मानत.

विद्युत-परीक्षा

त्या काळी स्नायूंना वीज देण्यासाठी त्वचेत सुया टोचत असत. त्यामुळे ऊतींना इजा होई आणि वीज नेमकी कोठे पोहोचली हे कळत नसे. द्युशेन यांनी सुया सोडून ओलसर अग्रे त्वचेवर ठेवली व प्रवर्तित विद्युतप्रवाह वापरला. त्वचा ओली असल्यास प्रवाह खालच्या स्नायूपर्यंत पोहोचतो, त्यामुळे एकच स्नायू आकुंचित करता येतो. या पद्धतीवरील त्यांचा ग्रंथ १८५५ मध्ये निघाला. १८६७ च्या दुसऱ्या ग्रंथात त्यांनी शरीराच्या हालचालींची मीमांसा केली. नैसर्गिक हालचालीत एखादा स्नायू एकटा क्वचितच काम करतो, त्याच्याबरोबर इतर स्नायू तोल सांभाळत असतात, हे त्यांनी रुग्णांच्या निरीक्षणातून दाखवले.

हीच परीक्षा निदानालाही उपयोगी पडली. मेरुरज्जूच्या एका विकारात रुग्णाची चाल लटपटते, पण वीज दिल्यावर स्नायू जोराने आकुंचन पावतात. म्हणजे शक्ती शाबूत असून केवळ हालचालींचा मेळ बिघडलेला असतो. पक्षाघातापासूनचा हा भेद त्यांनी स्पष्ट केला.

१८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरील त्यांचे छायाचित्रांसह पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यासाठी चेहऱ्याची संवेदना हरवलेल्या एका वृद्ध चांभाराची त्यांना मोठी मदत झाली. खऱ्या आनंदाच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही आकसतो, मुद्दाम हसताना तो बहुधा साथ देत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. चार्ल्स डार्विन यांनी भावाभिव्यक्तीवरील १८७२ च्या ग्रंथात यातील काही छायाचित्रे वापरली.

स्नायुविकार

१८६१ मध्ये द्युशेन यांनी एका मुलाचे वर्णन केले. त्याच्या पोटऱ्या एखाद्या मल्लासारख्या भरदार होत्या, तरी त्याला नीट चालता येत नव्हते. दोष मेंदूत असावा असे त्यांना तेव्हा वाटले आणि त्यांनी विकाराला तसेच नाव दिले. पुढे असे आणखी रुग्ण पाहिल्यावर त्यांनी एक विशेष सुई तयार करून जिवंत रुग्णाच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात स्नायुतंतूंची जागा संयोजी ऊतक व मेदाने घेतलेली आढळली. फुगलेली पोटरी म्हणजे वाढलेला स्नायू नव्हताच. १८६८ मध्ये १३ रुग्णांचे सविस्तर वर्णन करताना त्यांनी मेंदूवरचा आरोप मागे घेतला आणि विकाराला स्नायूंचा विकार म्हणून नवे नाव दिले. हे नामांतर त्यांच्या कामातील सर्वात महत्त्वाचे पाऊल मानावे लागेल. इटलीतील गाएतानो कोंते व इंग्लंडमधील एडवर्ड मेरियन यांनी अशा रुग्णांची वर्णने आधीच केली होती. मेरियन यांचे श्रेय तर बराच काळ झाकलेले राहिले.

मुलगा एमील मोठेपणी वैद्य होऊन वडिलांकडे आला होता, परंतु विषमज्वराने त्याचाही अकाली मृत्यू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत द्युशेन यांचे मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले.

डुशेन विकाराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो प्रामुख्याने मुलग्यांना होतो. १९८० च्या दशकात हे जनुक व त्यापासून बनणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन सापडले. हे प्रथिन स्नायुतंतूच्या आवरणाला आतून आधार देते. ते नसल्यास प्रत्येक आकुंचनात आवरण फाटते, तंतू मरतात आणि अखेरीस त्यांच्या जागी द्युशेन यांना दिसलेला मेद साठतो.