र्‍योइची हात्तोरी

र्‍योइची हात्तोरी (१ ऑक्टोबर, १९०७ – ३० जानेवारी, १९९३) हे जपानी संगीतकार, संगीत संयोजक, गीतकार व वाद्यवृंद संचालक होते. ब्लूज, स्विंग आणि बूगी-वूगी हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकारांनी घडवलेले प्रकार जपानी लोकप्रिय गीतांत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. वाकारे नो ब्लूज (१९३७), सोशू याक्योकु (१९४०), टोकियो बूगी-वूगी (१९४८) आणि आओई सान्म्याकु (१९४९) या त्यांच्या विशेष गाजलेल्या रचना होत. त्यांनी सुमारे ३,००० गीतांना संगीत दिले असे मानले जाते. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग युद्ध, सरकारी निर्बंध आणि युद्धोत्तर हलाखी यांच्या छायेत गेला. मृत्यूनंतर १९९३ मध्ये त्यांना जपान सरकारचा राष्ट्रीय लोकसन्मान पुरस्कार देण्यात आला.

प्रारंभिक जीवन

हात्तोरी यांचा जन्म जपानमधील ओसाका शहरात झाला. त्यांचे वडील मातीच्या बाहुल्या घडवणारे कारागीर होते, तर आईला गाण्याबजावण्याची आवड होती. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांनी दिवसा नोकरी करून रात्रीच्या व्यापारी शाळेत शिक्षण घेतले.

१९२३ मध्ये ओसाकाच्या सेन्निचिमाए भागातील इझुमोया या ईल माशांच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध असलेल्या उपाहारगृहाने जाहिरातीसाठी मुलांचे वाद्यपथक उभारले. त्या काळी जपानमधील मोठी दुकाने व उपाहारगृहे अशी पथके बाळगत असत. गरीब घरातील मुलांना पगारासह संगीतशिक्षण मिळण्याची ती एक वाट होती. हात्तोरी यांची या पथकात निवड झाली. तेथे ते ओबो शिकले आणि पुढे सॅक्सोफोनसह इतर वाद्येही वाजवू लागले.

याच सुमारास ओसाका हे जपानमधील जॅझचे प्रमुख केंद्र बनत होते. १९२३ च्या कान्तो भूकंपात टोकियो व योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक वादक ओसाकाला आले. दोतोनबोरी परिसरातील कॅफे व नृत्यगृहांतून जॅझ ऐकू येऊ लागले. हात्तोरी यांच्यासारख्या तरुण वादकांना तेथे नियमित काम मिळू लागले.

मेटर यांच्याकडील शिक्षण

१९२६ मध्ये हात्तोरी ओसाका नभोवाणी केंद्राशी संबंधित वाद्यवृंदात दाखल झाले. या वाद्यवृंदाचे संचालक इमॅन्युएल मेटर हे युक्रेनमध्ये जन्मलेले ज्यू संगीतकार होते. रशियन राज्यक्रांतीनंतर चीनमधील हार्बिन येथे काही काळ घालवून ते जपानमध्ये आले होते. मेटर यांनी हात्तोरी यांची गुणवत्ता हेरून त्यांना स्वतंत्रपणे शिकवण्यास सुरुवात केली. सुमारे चार वर्षे हात्तोरी कोबे येथील त्यांच्या घरी जाऊन स्वरसंवाद, प्रतिस्वररचना, वाद्यवृंद संयोजन आणि संचालन शिकत होते. हे शिक्षण रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या परंपरेतील होते. पुढे नामांकित वाद्यवृंद संचालक झालेले ताकाशी आसाहिना हेही मेटर यांचेच शिष्य होत.

अशा रीतीने हात्तोरी यांचे शिक्षण एकाच वेळी दोन ठिकाणी झाले. संध्याकाळी ते नृत्यगृहात जॅझ वाजवत आणि मेटर यांच्याकडे युरोपीय अभिजात संगीताचे शास्त्र आत्मसात करत. जपानमधील तत्कालीन जॅझ वादक बहुतांशी अमेरिकी ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची नक्कल करत असत. हात्तोरी यांना मात्र ऐकलेले संगीत कागदावर उतरवून, त्याची घडण समजून घेऊन नव्याने बांधता येत होते. संगीत संयोजक म्हणून त्यांचे वेगळेपण यातून घडले.

टोकियो आणि कोलंबिया कंपनी

१९३३ मध्ये हात्तोरी टोकियोला गेले. १९३६ मध्ये निप्पॉन कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांना करारबद्ध संगीतकार म्हणून नेमले. त्या काळातील जपानी कंपन्यांत गीतकार, संगीतकार व गायक हे तिघेही एकाच कंपनीशी करारबद्ध असत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे संगीत मावत असे. सुरुवातीचे वाद्यसंगीत, कडवी, मधला वाद्यांचा भाग आणि शेवट हे सर्व या वेळेत बसवावे लागे. त्यामुळे गीताच्या यशात संयोजकाचा वाटा मोठा असे.

हात्तोरी यांच्या कामाची दिशा यामादेरा नो ओशो-सान (१९३७) या ध्वनिमुद्रिकेतून दिसते. डोंगरावरील मठातील भिक्षूविषयीचे हे मूळचे मुलांच्या चेंडूच्या खेळातील गाणे आहे. हात्तोरी यांनी ते पुरुष गायकांच्या चमूसाठी जॅझच्या लयीत बांधले. परदेशी गीताला जपानी शब्द जोडण्याची रीत तेव्हा रूढ होती. येथे त्यांनी उलट दिशेने जाऊन घरोघरी परिचित असलेली चाल जॅझमध्ये आणली.

ब्लूज गीते

१९३७ मधील वाकारे नो ब्लूज (ताटातुटीचे ब्लूज) हे हात्तोरी यांचे पहिले मोठे यश ठरले. योकोहामा बंदराजवळील होनमोकु भागात परदेशी खलाशांची वर्दळ असलेली मद्यगृहे होती. तेथील वातावरणावरून हात्तोरी यांना या गीताची कल्पना सुचली. गीत को फुजिउरा यांनी लिहिले व नोरिको आवाया यांनी गायले. आवाया यांनी पाश्चात्त्य अभिजात गायनाचे शिक्षण घेतले होते आणि त्यांचा आवाज उंच पट्टीचा होता. हात्तोरी यांनी मात्र मुद्दाम खालच्या पट्टीत चाल बांधली. आवाज जड व्हावा म्हणून आवाया यांनी ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री न झोपता सिगारेटी ओढल्या, असे सांगितले जाते.

हे गीत प्रथम मांचुरियातील जपानी लोकांत पसरले आणि तेथून बंदरांमार्गे जपानमध्ये लोकप्रिय झाले. पाठोपाठ आलेल्या आमे नो ब्लूज (पावसाचे ब्लूज, १९३८) या गीतानंतर आवाया ब्लूजची राणी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. रचनेच्या दृष्टीने ही गीते अमेरिकी ब्लूजच्या बारा मात्राखंडांच्या साच्यात बसत नाहीत. संथ लय, मायनर स्वरावली आणि विरहाचा भाव ही त्यांची लक्षणे आहेत. जपानी लोकप्रिय संगीतात ब्लूज हा शब्द पुढे याच अर्थाने रूढ झाला.

शिझुको कासागी यांच्याशी सहकार्य

१९३८ मध्ये शोचिकू कंपनीने टोकियोत संगीतनाट्य मंडळी स्थापन केली. हात्तोरी या मंडळीसाठी संगीत रचत असत. येथेच त्यांची ओसाकाहून आलेल्या गायिका-नर्तिका शिझुको कासागी यांच्याशी भेट झाली. कासागी यांचा आवाज मोकळा व दमदार होता आणि रंगमंचावर त्या सतत हालचाल करत गात. जपानी गायिकांनी एका जागी उभे राहून गाण्याच्या तत्कालीन प्रथेपेक्षा हे अगदी वेगळे होते. १९३९ मधील राप्पा तो मुसुमे (ट्रंपेट आणि मुलगी) हे गीत हात्तोरी यांनी त्यांच्यासाठी स्वतः लिहिले व स्वरबद्ध केले. त्यात निरर्थक अक्षरे घेऊन केलेले स्कॅट गायन आणि ट्रंपेट यांची सवाल-जवाबासारखी रचना आहे. युद्धपूर्व जपानी स्विंगचा हा एक उत्तम नमुना मानला जातो.

युद्धकाळ

१९३७ मध्ये चीनशी युद्ध सुरू झाल्यानंतर जपानमध्ये करमणुकीवरील निर्बंध वाढत गेले. १९४० च्या ऑक्टोबरअखेर देशातील नृत्यगृहे बंद झाली. त्याच वर्षी हात्तोरी यांचे कोहान नो यादो (सरोवराकाठचे विश्रामगृह) हे मिएको ताकामिने यांनी गायलेले गीत आले. युद्धकाळास न शोभणारे हळवे गीत म्हणून त्यावर बंदी घालण्यात आली. तरीही आघाडीवरील सैनिकांत ते आवडीने गायले जात होते. जानेवारी १९४३ मध्ये सुमारे १,००० अमेरिकी व ब्रिटिश रचनांच्या वादनावर बंदी आली आणि जॅझला शत्रूचे संगीत ठरवण्यात आले. कासागी यांच्या गायनावरही पोलिसांनी मर्यादा घातल्या.

हात्तोरी यांचे या काळातील स्थान सरळ विरोधकाचे नव्हते. सोशू याक्योकु (सुझोऊचे रात्रगीत, १९४०) हे त्यांचे अत्यंत लोकप्रिय गीत शिना नो योरू या चित्रपटातील आहे. जपानी नायक व चिनी नायिका यांच्या प्रेमकथेतून जपानचे चीनविषयक धोरण गोड करून मांडणारा चित्रपट म्हणून त्यावर पुढे टीका झाली. नायिकेची भूमिका करणाऱ्या ली शियांगलान या चिनी म्हणून प्रसिद्ध असल्या तरी प्रत्यक्षात योशिको यामागुची नावाच्या जपानी स्त्री होत्या. चिनी वळणाची चाल आणि पाश्चात्त्य स्वरसंवाद यांचा मेळ घालणारे हे गीत त्याच्या पार्श्वभूमीमुळे चीनमध्ये दीर्घकाळ वादग्रस्त राहिले.

१९४४ मध्ये लष्कराच्या प्रसिद्धी विभागाशी संलग्न होऊन हात्तोरी शांघायला गेले. मायदेशी दडपले गेलेले संगीत तेथे त्यांना तुलनेने मोकळेपणाने करता आले. १९४५ मध्ये शांघायच्या ग्रँड थिएटरमध्ये ली शियांगलान यांची मैफल झाली. तीत हात्तोरी यांनी ली जिनग्वांग यांच्या येलाइश्यांग या चिनी गीतावर आधारलेली मोठी वाद्यवृंद रचना सादर केली आणि तिच्यात बूगी-वूगीची लय वापरून पाहिली. ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. हात्तोरी डिसेंबर १९४५ मध्ये मायदेशी परतले.

टोकियो बूगी-वूगी

बूगी-वूगी ही मूळची पियानोवादनाची शैली आहे. तिच्यात डावा हात प्रत्येक मात्राखंडात आठ ठोक्यांची एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजवतो आणि उजवा हात तिच्यावर मुक्तपणे खेळतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही शैली अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदांपर्यंत पोहोचली. हात्तोरी यांना तिची ओळख युद्धकाळातच झाली होती.

१९४७ च्या मे महिन्यात कासागी यांच्या होणाऱ्या पतीचा आजाराने मृत्यू झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी मुलीला जन्म दिला. तान्ह्या मुलीसह पुन्हा उभे राहता यावे, असे गीत त्यांनी हात्तोरी यांच्याकडे मागितले. एका रात्री लोकलने घरी परतताना गाडीच्या खडखडाटातून व वर लोंबकळणाऱ्या कड्यांच्या झोक्यांतून हात्तोरी यांना बूगीची लय जाणवली. गाडीतून उतरताच त्यांनी जवळच्या कॉफीगृहात कागदी रुमालावर चाल उतरवली, अशी या गीताची जन्मकथा प्रसिद्ध आहे. शब्द मासारू सुझुकी यांनी लिहिले. ते झेन तत्त्वज्ञानाचे अभ्यासक डी. टी. सुझुकी यांचे दत्तक पुत्र होत.

सप्टेंबर १९४७ मध्ये ध्वनिमुद्रण झाले तेव्हा बातमी ऐकून अनेक अमेरिकी सैनिक स्टुडिओत जमले होते आणि गीत संपताच त्यांनी जल्लोष केला. जानेवारी १९४८ मध्ये ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली व गीत देशभर पसरले. बॉम्बहल्ल्यांनी बेचिराख झालेल्या शहरांत अन्नटंचाई व काळाबाजार यांत दिवस काढणाऱ्या लोकांना या गीताने उत्साह दिला. देहविक्रय करून जगणाऱ्या स्त्रिया कासागी यांच्या कार्यक्रमांना मोठ्या संख्येने येत. एकट्या आईच्या जिद्दीत त्यांना आपलेपणा वाटत असे.

यानंतर बूगी गीतांची मालिकाच सुरू झाली. अकिरा कुरोसावा यांच्या योइदोरे तेन्शी (१९४८) या चित्रपटातील जंगल बूगीचे शब्द स्वतः कुरोसावा यांनी लिहिले व ते कासागी यांनी पडद्यावर गायले. कायमोनो बूगी (बाजारहाट बूगी, १९५०) हे ओसाकाच्या बोलीतील विनोदी गीत राकुगो या पारंपरिक कथाकथनातील एका कथेवर आधारित होते. मासाओ मुरासामे या टोपणनावाने त्याचे शब्द हात्तोरी यांनीच लिहिले. पुढे जपानच्या अव्वल गायिका ठरलेल्या हिबारी मिसोरा बालपणी कासागी यांची बूगी गीते गाऊनच प्रथम प्रकाशात आल्या.

इतर युद्धोत्तर कार्य

१९४९ मधील आओई सान्म्याकु (निळी पर्वतरांग) हे तादाशी इमाइ यांच्या चित्रपटाचे शीर्षकगीत यासो साइजो यांनी लिहिले आणि इचिरो फुजियामा व मित्सुए नारा यांनी गायले. मायनर स्वरावलीत असूनही त्याची लय प्रसन्न आहे. नव्या पिढीच्या मोकळेपणाचे ते प्रतीक बनले. गर्दीच्या रेल्वेत ही चाल सुचल्यावर हात्तोरी यांनी ती अंकलिपीत टिपून घेतली. सहप्रवाशांना मात्र हा काळ्या बाजारातील व्यापारी हिशेब करतो आहे असे वाटले, असे सांगितले जाते. त्याच वर्षी हिदेको ताकामिने यांनी गायलेले गिन्झा कानकान मुसुमे हे गीतही लोकप्रिय झाले. १९५० मध्ये हात्तोरी व कासागी यांनी अमेरिकेचा दौरा केला. कासागी यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गायन थांबवून अभिनयाकडे लक्ष दिले.

१९६० च्या दशकात हात्तोरी यांनी हाँगकाँगच्या चित्रपटांसाठीही संगीत दिले. ग्रेस चांग यांची भूमिका असलेला द वाइल्ड, वाइल्ड रोझ (१९६०) आणि शॉ ब्रदर्सचा हाँगकाँग नॉक्टर्न (१९६७) हे त्यांतील उल्लेखनीय होत.

सन्मान आणि मृत्यू

१९५९ मध्ये सुरू झालेल्या जपान रेकॉर्ड पुरस्काराच्या स्थापनेत हात्तोरी यांचा संगीतकार मासाओ कोगा यांच्यासह पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांचे बोकु नो ओंगाकु जिन्सेइ (माझे संगीतमय आयुष्य) हे आत्मचरित्र प्रकाशित झाले. ३० जानेवारी, १९९३ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कोगा यांच्यानंतर राष्ट्रीय लोकसन्मान पुरस्कार मिळालेले ते दुसरे संगीतकार होत.

वारसा

हात्तोरी यांच्या भगिनी तोमिको हात्तोरी या गायिका होत्या. पुत्र कात्सुहिसा (१९३६–२०२०) आणि नातू ताकायुकी हेही संगीतकार म्हणून प्रसिद्ध झाले. जन्मशताब्दीनिमित्त २००७ मध्ये विविध कलाकारांनी गायलेल्या त्यांच्या गीतांचा अल्बम प्रकाशित झाला. २०२३–२४ मध्ये एनएचके वाहिनीवर प्रसारित झालेली बूगी वूगी ही मालिका कासागी यांच्या जीवनावर बेतलेली असून तिच्यातील संगीतकाराचे पात्र हात्तोरी यांच्यावर आधारित आहे.

निवडक ध्वनिमुद्रणे

- वाकारे नो ब्लूज (१९३७) – नोरिको आवाया
- यामादेरा नो ओशो-सान (१९३७) – समूहगीत
- आमे नो ब्लूज (१९३८) – नोरिको आवाया
- राप्पा तो मुसुमे (१९३९) – शिझुको कासागी
- सोशू याक्योकु (१९४०) – हामाको वातानाबे व नोबोरू किरिशिमा
- कोहान नो यादो (१९४०) – मिएको ताकामिने
- मुने नो फुरिको (१९४७) – नोबोरू किरिशिमा
- टोकियो बूगी-वूगी (१९४८) – शिझुको कासागी
- आओई सान्म्याकु (१९४९) – इचिरो फुजियामा व मित्सुए नारा
- गिन्झा कानकान मुसुमे (१९४९) – हिदेको ताकामिने
- कायमोनो बूगी (१९५०) – शिझुको कासागी