वाटेवरची माणसं

आषाढी आटोपली की गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत फिरते. सिंदखेडराजा, लोणार, मेहकर करत खामगावला येते आणि तिथून शेवटचा टप्पा, शेगाव. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बायका पालखीसोबत चालतात. मीही चालते. वाट फार मोठी नाही, पण त्या वाटेनं मला एक मैत्रीण दिली होती. मोताळ्याकडची, शेतमजुरी करणारी. तीन वर्षं आम्ही खामगावला ठरलेल्या वळणावर भेटलो, एकमेकींची शिदोरी खाल्ली, पोटातलं सगळं बोललो. यंदा त्या वळणावर तिची लेक उभी होती. आई चैत्रात गेली म्हणाली. मी तिथंच मटकन बसले. एवढी जवळची बाई, आणि मी तिला कधी आडनावसुद्धा विचारलं नव्हतं!

घरी आल्यावर काही सुचेना. कपाटातून बाबांचं जुनं पुस्तक काढलं, ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’. गो. नी. दांडेकरांचं. सगळा महाराष्ट्र त्यांना गोनीदा म्हणतो. आज त्यांच्याबद्दलच लिहावंसं वाटतंय, कारण वाटेवर भेटलेल्या माणसांची किंमत ज्याला कळली होती असा हा माणूस.

गोपाल नीलकंठ दांडेकर आपल्या विदर्भातलेच. ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याला जन्मले. स्वातंत्र्याच्या चळवळीचे दिवस होते. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी पोरानं शाळा अर्धवट टाकली आणि घर सोडलं. पुढे त्यांना गाडगेबाबा भेटले. हातात खराटा घ्यायचा, गाव झाडायचं, रात्री कीर्तन, सकाळी पुढचं गाव. बाबांच्या मागे पायी फिरता फिरता त्यांना गोरगरिबांचं जगणं, त्यांची भाषा अगदी जवळून कळली. ती संगत ते विसरले नाहीत. ‘देवकीनंदन गोपाला’ हा गाडगेबाबांवरचा सिनेमा १९७७ साली आला, त्याची पटकथा गोनीदांची.

मग त्यांनी नर्मदा परिक्रमा केली. पायी. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं, मध्ये कुठंही तिचं पात्र ओलांडायचं नाही, मिळेल ते खायचं. अमरकंटकला तिचा उगम, भडोचजवळ ती समुद्राला मिळते. दोन्ही काठ मिळून अडीच हजार किलोमीटरच्या वर चाल होते. वाटेत शूलपाणीची झाडी, तिथं परिक्रमावाशांना लुटायचे. आता धरणांमुळे काठावरची कितीतरी जुनी वाट पाण्याखाली गेली आहे. गोनीदा चालले ती नर्मदा आपल्याला आता पुस्तकातच भेटायची. त्या अनुभवावरची ‘भ्रमणगाथा’ १९५७ साली आली.

पुस्तक वाचताना माझ्या मनात मात्र एक गोष्ट सारखी येत राहिली. परिक्रमेला निघालेला माणूस रिकाम्या हातानं चालतो, तो कुणाच्या जिवावर? काठावरच्या गावातल्या बायकांच्या! अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर घरात असेल त्यातली भाकर त्याला देणारी बाई. तिला परिक्रमेला जायला कुणी सांगितलं नाही, तिला जमलंही नसतं. शेण-पाणी, लेकरं, सासू-सासरे. पण तिच्या चुलीशिवाय एकाही परकम्मावाशाची परिक्रमा पुरी झाली नसती. आणि एवढंसं पोरगं घर सोडून गेलं, तेव्हा घरातल्या माउलीनं किती रात्री दाराकडे डोळे लावले असतील? मी स्वतः आई आहे, मला हा विचार टाळता येत नाही.

गोनीदांनीही अशी माणसं टाळली नाहीत, म्हणून ते मला आवडतात. पुढे ते तळेगाव दाभाडे इथं स्थिरावले, नीराताईंशी संसार मांडला आणि लेखणीवर घर चालवलं. लेखकाचा संसार म्हणजे ओढाताण आलीच, आणि त्यात घरधनी सारखा डोंगरावर! नीराताईंनी घर सांभाळलं म्हणून ते गड हिंडू शकले, हे आपण बायकांनी तरी म्हटलं पाहिजे. राजगड, रायगड, राजमाची; त्यांनी किती वेळा चढले असतील त्याला गणतीच नाही. जाताना तरुण पोरांना सोबत न्यायचे. गडावर गेल्यावर नुसते बुरूज-तटबंदी पाहून परतायचे नाहीत. तिथल्या धनगराच्या, ठाकराच्या झोपडीत बसायचे, त्यांच्यातलेच होऊन जायचे. तीच माणसं पुढे कादंबऱ्यांत आली. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीच्या परिसरातली, ‘जैत रे जैत’ ठाकरांची. ‘जैत रे जैत’वरचा स्मिता पाटीलचा सिनेमा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल.

‘स्मरणगाथा’ या त्यांच्या पुस्तकाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोल्याला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. शाळा सोडून पळालेला वऱ्हाडातला पोरगा वऱ्हाडातच संमेलनाध्यक्ष झाला! माझे बाबा खामगावहून एस.टी.नं ऐकायला गेले होते. ‘भ्रमणगाथा’ त्यांनी तिथूनच आणली होती.

१ जून १९९८ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षात, गोनीदा गेले. त्यांच्या कन्या वीणा देव आणि घरची मंडळी गावोगाव जाऊन त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन करत. २०२४ मध्ये वीणाताईही गेल्या. पण पुस्तकं आहेत. आपल्या गावातल्या वाचनालयात एखादं तरी नक्की असेल, जाऊन मागा.

वाटेवरची मैत्री जात, पैसा, शिक्षण विचारत नाही. माझी मोताळ्याची मैत्रीण शाळेत गेली नव्हती, मी बी.ए. झालेली. चालताना दोघींच्या टाचा सारख्याच दुखायच्या. घरी, लग्नकार्यात आपण कुणाची तरी सून, कुणाची तरी आई म्हणून भेटतो. तिथं मात्र आम्ही फक्त आम्हीच होतो.

यंदा मी तिच्या लेकीसोबत शेगावपर्यंत चालले. फार काही बोललो नाही. मंदिराचा कळस दिसला तशी ती रडायला लागली, मीपण. निघताना या वेळी मी आठवणीनं विचारलं, तिचं पूर्ण नाव, गाव, आणि तिच्या आईचंही. वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी त्याच वळणावर भेटायचं ठरलंय.